उदईक अम्मा येईल

निला आमच्या घरी आली त्या पहिल्या दिवशी मी तिच्याशी लपाछपी खेळलो. म्हणजे खेळत फक्त मी होतो.

निला माझ्या पुतणीची, मैथिलीची मुलगी. वय चार. आमच्या कुटुंबात मी गोष्टी सांगणारा माणूस म्हणून ओळखला जातो. लग्नात, बारशात, तेराव्याला सुद्धा मुलं माझ्या हवाली करतात. माझी एक वाघाची गोष्ट आहे, तिच्या शेवटी मी मांडीवर थाप मारून डरकाळी फोडतो. तीस वर्षांत एकही मूल त्या डरकाळीला हसल्यावाचून राहिलेलं नाही. मी निलाला ती गोष्ट सांगितली. थाप मारली. ती उठली आणि तांदळाच्या पिंपामागे गेली. मला वाटलं, वा, पोर खेळकर निघाली. मी डोळे मिटून मोठ्यानं दहापर्यंत आकडे म्हटले, "आलो आलो" करत पलंगाखाली वाकलो, दारामागे बघितलं, उगाचच डबे उघडले, आणि सरतेशेवटी पिंपामागे डोकावून ओरडलो, "सापडली!"

ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. दोन्ही हात डोक्यावर. खालची फरशी ओली झाली होती.

सुधा, माझी बायको, स्वयंपाकघरातून आली. तिनं बघितलं आणि म्हणाली, "अहो, तुमचा खेळ संपला असेल तर बाजूस व्हा."

*

काय झालं होतं ते थोडक्यात सांगतो. लांबवून सांगण्यासारखं त्यात काही नाही.

मैथिलीचा नवरा तिला मारायचा. लाथेनं. पुष्कळ दिवस. आम्हांला काहीच ठाऊक नव्हतं असं लिहायला मला आवडलं असतं. तिनं मला दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा मी म्हटलं होतं, "थोडं सांभाळून घे गं, कामाचा ताण असेल त्याला." माझा भाऊ गेल्यावर हे स्थळ मीच आणलं. "मुलगा फार शांत आहे" हे प्रमाणपत्रही माझंच. तिरुचीला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. एका रविवारी दुपारी त्यानं तिला इतकं मारलं की ती उठली नाही. तो दार ओढून निघून गेला. संध्याकाळी शेजारीण आत आली तेव्हा निला आईशेजारी बसलेली होती. आईच्या अंगावर तिनं टॉवेल घातला होता. किती वेळ ती तशी बसली होती, हे कुणालाच ठाऊक नाही.

मैथिली वाचली. तिरुचीच्या इस्पितळात तिच्या पोटाच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या. नवऱ्याला पोलिसांनी धरलं. निलाला आम्ही तंजावरला आणलं.

मी ओरत्तनाडुला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून आहे. कालव्याला पाणी कधी सोडलं, कधी बंद केलं, याच्या नोंदी ठेवतो. आजारपणाचं हे लिहायला मला निलाच्या डॉक्टरीणबाईंनी सुचवलं. म्हणाल्या, दुसऱ्या कुणाच्या घरी असं मूल आलं तर त्यांच्या उपयोगी पडेल. त्यांना वाटलं मी तमिळमध्ये लिहीन. पण आमच्या घरात देवनागरी वाचता येणारा मी शेवटचा आहे. मराठीत लिहिलं की घरचं कुणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहिता येतं. माझं मराठी तीनशे वर्षं तमिळच्या शेजारी राहिलेलं आहे. चालीत कुठं वाकडं गेलं तर सांभाळून घ्या.

*

पहिले दोन आठवडे गेले, निला रडली नाही. एकदाही नाही. आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं.

पापनाशमहून माझी अक्का बघायला आली. तिच्यासाठी निला सतरंजीवर बसून राहिली, अर्धा तास, हात मांडीवर ठेवून. अक्का म्हणाली, "काय गुणी लेकरू गं बाई! माझी नातवंडं घर डोक्यावर घेतात. हिचं काय ते वय, सगळं विसरूनशान जाईल बघ." कोइम्बतूरहून आमच्या मुलाचा फोन आला, तोही तेच म्हणाला. मीही तेच म्हटलं. आम्हांला सगळ्यांनाच ती विसरायला हवी होती, आणि लवकर.

ती सुधाच्या हातून दहीभात खायची. दुसऱ्या कुणाच्या हातून नाही, आणि दुसरं काही नाही. सुधा न्हाणीघरात गेली की दाराबाहेर उभी राहायची. दुपारी सुधाच्या पदराचा काठ मुठीत धरून झोपायची, सुधानं कूस बदलली की जागी व्हायची. माझ्याकडे बघायचीही नाही. माझ्या चपलांकडे मात्र बघायची. त्या पायात आहेत की दाराशी, हे तिला सतत ठाऊक असायचं.

मोटारसायकलचा आवाज आला की ती पिंपामागे. माझी मोपेड म्हणजे काही मोटारसायकल नव्हे, ती खोकणाऱ्या म्हाताऱ्यासारखी येते, पण निलाला तेवढंही पुरे व्हायचं. म्हणून मी गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करून मोपेड ढकलत घरापर्यंत आणू लागलो. शेजारचे सेल्वमसार रोज व्हरांड्यातून बघायचे. चौथ्या दिवशी त्यांनी पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून आणून दिलं. म्हणाले, "सार, माणसानं इतकी काटकसर करू नये." मी बाटली घेतली. काय सांगणार?

मैथिलीला भेटायला लहान मुलांना सोडत नव्हते आणि तिला धड बोलताही येत नव्हतं. त्यामुळं निलाला आईबद्दल काय सांगायचं हा प्रश्न होता. तो मी माझ्याकडे घेतला. गोष्टी सांगणारा मीच ना. रोज संध्याकाळी सुधानं देवाशी दिवा लावला की मी निलासमोर बसायचो आणि म्हणायचो, "उदईक अम्मा येईल."

उदईक म्हणजे उद्या. महाराष्ट्रातले लोक हा शब्द विसरले असं ऐकतो. आमच्या घरात तो राहिला. माझी आई म्हणायची, तिची आजेसासू म्हणायची. बिरादरीतली मुलं उद्याला तमिळमध्ये "नाळैक्कु" म्हणू लागली तेव्हा मी त्यांना अडवून अडवून "उदईक" म्हणायला लावलं आहे. पुण्याच्या एका पाहुण्यानं एकदा तो शब्द माझ्या तोंडून ऐकला आणि वहीत लिहून घेतला. मी आठवडाभर ताठ चालत होतो.

तर, "उदईक अम्मा येईल." ते ऐकून निला आणखी गप्प व्हायची. होतीच गप्प, पण त्या शब्दांनंतर तिचे खांदे वर जायचे आणि तसेच राहायचे. मला वाटायचं, आईची आठवण येते बिचारीला. म्हणून मी पुन्हा म्हणायचो. जरा हसून, जरा मोठ्यानं.

*

डॉक्टरांकडे जायचं ते सुधानं ठरवलं. कारण झालं गॅसचं सिलिंडर.

सिलिंडर घेऊन एक माणूस आला. कधी न पाहिलेला. त्यानं सिलिंडर ठेवलं, सही घेतली आणि निघाला. निलानं जाऊन त्याचं बोट धरलं आणि त्याच्याबरोबर चालू लागली. मागे वळून बघितलं नाही. तो गल्लीच्या टोकाशी थांबून ओरडला, "अम्मा, तुमचं मूल!"

मी म्हटलं, "बघ, धीट होत चालली."

सुधानं माझ्याकडे बघितलं. "आपण दीड महिना हिला हातावर वाढतो आहोत आणि ही त्या माणसाबरोबर गेली. ह्यास धीट म्हणतात? मज भीती वाटते. येत्या मंगळवारी रजा टाका." मंगळवारी सरकारी इस्पितळात मुलांच्या मनाच्या डॉक्टर बसतात, हे तिनं आधीच विचारून ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी निलाला काहीच विचारलं नाही. जमिनीवर एक प्लास्टिकचं टोपलं होतं, त्यात खेळणी. निलानं त्यातली जनावरं काढली आणि एका ओळीत मांडली, सगळी भिंतीकडे तोंड करून. डॉक्टरीणबाई बघत राहिल्या. मग त्यांनी आम्हांला विचारलं आणि आम्ही सांगितलं. गॅसवाल्याचं, चपलांचं, फरशीचं. मी वाघाची गोष्टही सांगितली, डरकाळी सोडून.

मी म्हटलं, "पण मॅडम, एरवी फार शांत मुलगी आहे."

त्या म्हणाल्या, "सार, ही मुलगी पहाऱ्यावर आहे."

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस. ते नाव मी ऐकलेलं होतं, पण माझ्या समजुतीनं तो लढाईवरून परतलेल्या शिपायांचा आजार. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, हीसुद्धा तिथूनच आली आहे. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. एवढ्या लहान वयात ज्या माणसाकडे धावायचं तेच माणूस मार खात पडलेलं दिसलं, तर मुलाला धावायचं कुठं हे कळेनासं होतं. मग ते कुणाकडेच धावत नाही, नाहीतर कुणाकडेही जातं. औषधानं हे बरं होत नाही. रोज त्याच वेळी तेच माणूस, तोच आवाज, तेच जेवण, असं पुष्कळ दिवस चालावं लागतं. आणि आई परतली की मुलीनं आईकडे जाणं, हे सगळ्यात मोठं काम. ते होईलच असं त्या म्हणाल्या नाहीत. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा म्हणाल्या नाहीत.

"सध्या ती कुणापाशी जाते?" त्यांनी विचारलं.

मी सवयीनं हात वर केला. निला सुधाच्या साडीच्या निऱ्यांत तोंड घालून उभी होती. मी हात खाली घेतला.

त्या दिवशी मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी कॅन्टीनमध्ये जाऊन दोन वडे खाल्ले. चांगले होते.

*

मग मंगळवार सुरू झाले. आठ वाजता टोकन, हिरव्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा. तासभर वाट बघायची. आमच्यासारखी आणखी कुटुंबं असायची. कुणी कुणाला काही विचारत नसे, पण डब्यातला लिंबूभात सगळे सगळ्यांना द्यायचे. नंबर आला की निला आत जायची, तेन्मोळी नावाच्या समुपदेशक बाईंपाशी. वय असेल तिशीचं. त्या निलाबरोबर जमिनीवर बसून खेळायच्या. सुधा दारात खुर्ची टाकून निलाला दिसेल अशी बसायची. मी बाहेर. माझं काम डबा धरणं.

घरातलं बदललं. सुधा दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत असे, त्या बंद केल्या. इतके पाय घरात नकोत. कुकरची शिट्टी नको म्हणून भात पातेल्यात. पाहुणे बंद. मी वाघ बंद केला. सुधा आणि मी एकमेकांशी फार बोलत नव्हतो. एकदा ती म्हणाली, "तिचे दोन फोन आले तेव्हा मज का नाही सांगितलं?" मी म्हटलं, तुला त्रास नको म्हणून. ती म्हणाली, "बरं केलं. आता नाही का मज त्रास?" आणि ती कपडे वाळत घालायला गेली. भांडण एवढंच. आवाज चढवून भांडायचीही घरात सोय नव्हती.

सगळं करत होतो आणि काहीच वाटत नव्हतं. कचेरीत नोंदी करायचो, पाणी सोडलं, पाणी बंद केलं. कुणी विचारलं, घरी सगळं बेस? मी म्हणायचो, बेस. खोटं बोलतो आहे असंही वाटायचं नाही. हे लिहितो कारण दुसऱ्या कुणाला असं होत असेल तर त्यानं स्वतःला दगड समजू नये. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरातल्या माणसांचंही असं होतं.

आणि रोज दिवेलागणीला, न चुकता, मी सांगत होतो. उदईक अम्मा येईल.

*

अम्मा आली.

मैथिली तिरुचीहून टॅक्सीनं आली. कमरेला पट्टा, हातात काठी. वजन निम्मं. ती दाराशी उतरली, काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात पुढं केले. "निला."

निला सुधामागे होती. तिनं आईकडे बघितलं. ओळखलं, यात शंका नाही. तिचे खांदे वर गेले. फरशी ओली झाली. मग ती सुधाला सोडून, आईच्या हातांना वळसा घालून बाहेर गेली, टॅक्सीवाल्यापाशी, आणि त्याचं बोट धरून उभी राहिली. त्यानं आमच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या कुणाच्याच नाही.

मैथिली हात पुढं धरूनच उभी होती. तशीच म्हणाली, "काका, ती मज भिते. त्यास भ्यावी, मज का?"

गोष्टी सांगणारा माणूस. मी भिंतीला टेकवलेली तिची काठी उचलून तिच्या हातात दिली.

ती दोन दिवस राहिली. निला एका खोलीत, ती दुसऱ्या. तिसऱ्या दिवशी ती पट्टा बांधता बांधता म्हणाली, "मी परत इस्पितळाच्या जवळच खोली घेते. मी दिसले की तिचं खाणं बंद होतं. मुलीस उपाशी ठेवून मी इथं कशास राहू? काकू सांभाळते आहे, तिच्यापाशीच राहू दे तीस." आणि मग, पट्ट्याकडे बघत, "कायमची राहिली तरी बघा."

सुधा म्हणाली, "मंगळवारपर्यंत थांब. पुढचं पुढं."

*

त्या मंगळवारी अर्ध्या तासातच तेन्मोळीबाईंनी दार उघडलं आणि मला आत बोलावलं. मला, सुधाला नव्हे. निलाला त्यांनी सुधापाशी दिलं.

"सार, घरी तुम्ही तिला आईबद्दल काय सांगता?"

मला बरं वाटलं. कुणीतरी विचारलं तरी! मी म्हटलं, "धीर देतो, मॅडम. एक दिवस चुकवलेलं नाही. सांगतो, उद्या तुझी आई येईल."

"तमिळमध्ये?"

"छे, आमच्या मराठीत."

"तेच शब्द म्हणून दाखवा."

मी म्हणून दाखवले. जरा ठसक्यात. उदईक अम्मा येईल.

त्यांनी पेन उचललं. मग म्हणाल्या, "पहिला शब्द पुन्हा."

"उदईक."

"पुन्हा. हळू."

त्यांनी टेबलावरचा कागद ओढला, मी म्हटलं तसं तमिळ अक्षरांत लिहिलं आणि माझ्यापुढं सरकवलं. मी तमिळ मराठीपेक्षा भरभर वाचतो. मी वाचलं.

उदैक्क.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी सांगतो. तमिळमध्ये उदै म्हणजे लाथ. उदैक्क म्हणजे लाथ मारायला, तुडवायला. निलाच्या घरात मराठी बोलायची सोय नव्हती. बायको आपल्यामागे काय बोलते हे कळत नाही म्हणून नवऱ्यानं ती बंद केली होती. निलाला आमच्या मराठीतलं "ये" कळायचं, "जा" कळायचं, "अम्मा" कळायचं. बाकीचं ती आपल्या भाषेवरून जोडून घ्यायची. आणि उदै हा शब्द तिला चांगलाच ठाऊक होता. तिचा बाप लाथ उचलण्याआधी तोच म्हणायचा.

तेन्मोळीबाई म्हणाल्या, "आज तिनं बाहुली दारातून आत आणली आणि दुसऱ्या बाहुलीला लाथा घातल्या. मी विचारलं, ही मारणारी कोण? म्हणाली, अम्मा. उदैक्क येणार आहे. तात्तानं सांगितलंय."

तात्ता म्हणजे आजोबा. म्हणजे मी. तिनं माझं काही नाव ठेवलं आहे हे मला त्या क्षणी कळलं.

मी विचारलं, "म्हणजे हे सगळं माझ्यामुळं?"

"नाही. एका शब्दानं मूल असं होत नाही. जे झालं ते आधी झालं." त्या म्हणाल्या. "पण आई परत येण्याची वाट तुम्ही रोज थोडी थोडी अडवत होता, हे खरं."

त्या काही रागानं बोलल्या नाहीत. मी पंख्याकडे बघत होतो. माझ्या आईचा शब्द. पुण्याच्या पाहुण्यानं वहीत लिहून घेतलेला.

बसस्टॉपवर मी सुधाला सांगितलं. निला तिच्या खांद्यावर झोपली होती. सुधानं तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "माझ्या माहेरी कुंभकोणमला नाळैक्कुच म्हणत. लग्न होऊन आले, दुसऱ्याच दिवशी तुमची आई मज म्हणाली, उदईक लवकर ऊठ. मज वाटलं, सकाळी लाथा घालण्याची चाल आहे ह्या घरात. रात्रभर डोळा लागला नाही." तिचं तोंड हसल्यासारखं झालं आणि तिथंच थांबलं. "मज तरी आठवायला हवं होतं. तीस वर्षं ऐकून कान बुजले."

*

तेन्मोळीबाईंनी मला माफी मागायला सांगितली. तमिळमध्ये, तीन वाक्यांत, आणि गोष्ट न करता. ही शेवटची अट फार कठीण. मी कचेरीत नोंदवहीच्या मागच्या पानावर मसुदा केला तो दीड पान झाला. सुधानं वाचायला मागितला. मी वाचून दाखवला. ती म्हणाली, "ह्यात तुमचे आजोबा कशास आले?"

शेवटी संध्याकाळी मी निलापासून चार हात लांब, जमिनीवर बसलो. चपला आधीच बाहेर. म्हटलं, "तात्तानं चुकीचा शब्द सांगितला. अम्मा मारायला येत नाही, अम्मा कधीच मारणार नाही. तात्ताला म्हणायचं होतं, नाळैक्कु."

निला वाटाणे सोलत होती. तिनं एक शेंग पूर्ण सोलली. मग दुसरी घेतली. मी उठलो.

दोन दिवसांनी ती आपणहून माझ्याशी पहिल्यांदा बोलली. मी ताटावर बसलो होतो. ती सुधामागून म्हणाली, "नाळैक्कु?"

मी म्हटलं, "हो. नाळैक्कु."

"लाथ नाही?"

"लाथ नाही."

ती परत सुधामागे गेली. माझ्या तोंडात घास होता तो गिळायचा राहून गेला.

*

मैथिली राहिली. तेन्मोळीबाईंनी तिला एकच काम दिलं. निलाला हाक मारायची नाही, हात पुढं करायचे नाहीत. रोज त्याच वेळी त्याच खुर्चीवर बसून काही तरी करायचं. मैथिलीला जमिनीवर बसता येत नव्हतं. ती खुर्चीवर बसून शेवग्याचा पाला निवडायची. घरात रोज शेवग्याच्या पाल्याची आमटी होऊ लागली. दोन आठवड्यांनी मी फक्त विचारलं, दुसरा कुठला पाला निवडता येत नाही का? दोघी बायकांनी एकदमच माझ्याकडे बघितलं. मी आमटी वाढून घेतली.

निला आधी दारातून बघायची. मग खोलीत येऊन लांब बसायची. मग खाली पडलेल्या काड्या गोळा करू लागली. मैथिली मान वर करायची नाही. लक्ष मात्र निवडण्यात नसायचं, पानं कमी आणि काड्याच जास्त पातेल्यात जायच्या.

एके सकाळी निलानं काड्यांची मूठ आईच्या अंगावर फेकली. मग उठून मुठींनी मारायला लागली. गुडघ्यांवर, मांड्यांवर, पट्ट्यावर. तोंडानं एकच चालू होतं, "तू का नाही उठलीस? मी हाक मारली. तू का नाही उठलीस?" तिच्या तोंडून एवढी वाक्यं आम्ही कधी ऐकली नव्हती.

मैथिली पांढरी पडली. मला वाटलं, झालं, बापासारखी मारते आहे पोर. मी पुढं झालो. सुधानं मागून माझा शर्ट पकडला. "बसा."

"अगं तिचे टाके..."

"बसा म्हणते ना."

मैथिली मार खात बसली होती. ती म्हणाली, "मला उठता आलं नाही, निला. तू हाक मारलेली मला ऐकू येत होती. उठायचं होतं. अंग उठलं नाही."

निलाचे हात आणखी थोडा वेळ चालले. मग हळू झाले. मग तिनं आईच्या मांडीवर कपाळ टेकवलं, उभ्या उभ्याच, आणि रडली. आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा. आवाज मोठा होता. सेल्वमसार व्हरांड्यातून विचारू लागले, काय झालं, काय झालं. मी बाहेर जाऊन म्हटलं, "काही नाही सार. मूल रडतंय." एवढं साधं वाक्य मला किती दिवसांत म्हणायला मिळालं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, राग यायला माणूस आपलं वाटावं लागतं.

*

बरी झाली का, असं लोक विचारतात. अजून मंगळवार चालू आहेत. तिच्या बापाचा खटला चालू आहे. मोटारसायकल आली की ती अजून दचकते, पण पिंपामागे न जाता माणसामागे जाते. कुठल्या माणसामागे, एवढाच काय तो प्रश्न राहिला होता.

त्याचं उत्तर गेल्या रविवारी दुपारी मिळालं. जेवणं झाली होती. सुधा आपल्या खोलीत आडवी झाली. मैथिली बाहेरच्या खोलीत खाटेवर. निला सुधाच्या खोलीतून बाहेर आली. हातात तिची छोटी चटई. ती तिनं आईच्या खाटेखाली, अगदी कडेला अंथरली आणि आडवी झाली. आईकडे पाठ करून. थोड्या वेळानं एक हात वर आला आणि त्यानं खाटेवरून लोंबणारा आईच्या पदराचा काठ धरला. मैथिली जागी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हलू नकोस. ती दीड तास हलली नाही. मीही दारात उभा राहिलो. पायांना मुंग्या आल्या.

चार वाजता सुधा उठली. बाहेर आली, त्या दोघींकडे बघितलं आणि वळून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. ती फिल्टरमधून कॉफी काढत होती. मी विचारलं, "झोप झाली का जरा?"

तिनं पितळेच्या पेल्यात दूध ओतलं, एका पेल्यातून दुसऱ्यात खालीवर केलं, फेस आला तरी करत राहिली.

"पाच महिने मज दुपारी कूस बदलायला मिळाली नव्हती," ती म्हणाली. "आज चारदा बदलली. कुठल्याच कुशीवर झोप आली नाही."